जर्नल, कॉपी आणि कोरोना

अकरावीत फिजिक्सचं जर्नल कॉपी केलंयत ना? मग जीनोम सिक्वेन्सिंग तुम्हाला अर्धं आलंच! आमच्या वर्गात एकाने 'लंबक'चा 'लंबर' केला आणि तो पुढच्या सहा जर्नलमध्ये पोचला. त्यातल्या एकीने आकडाही चुकवला, मग तिच्यावरून छापणाऱ्या दोघांकडे दोन्ही चुका. सर फक्त पानं उलटायचे, अख्खी साखळी हातात!

कोरोना विषाणूचं असंच आहे. त्याचा जनुकीय मजकूर साधारण ३० हजार अक्षरांचा. पसरताना तो स्वतःची कॉपी करतो, त्यात महिन्याला दोनेक चुका टिकतात. दोन शहरांतल्या पेशंट्समध्ये त्याच चुका दिसल्या, की साखळी एकच.

मी अमरावतीची. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे पेशंट धडाधड वाढले, लॉकडाउन लागला. मी चुलतबहिणीचं साक्षगंध आटोपून नुकतीच पुण्याला परतले होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज : 'अमरावती स्ट्रेन आपल्या बिल्डिंगमध्ये नको.' स्ट्रेन म्हणजे मी, बरं का!

२४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल दिसतायत. चॅनेलवाल्यांनी लगेच 'डबल म्युटंट' करून टाकलं. ते कूळ बी.१.६१७. त्याचीच एक शाखा पुढे डेल्टा झाली. ग्रीक नावं जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ ला दिली, गावा-देशांच्या नावाने खडे फोडले जाऊ नयेत म्हणून. आमच्या सेक्रेटरींना जरा उशीरच झाला.

गंमत बघा, या कुळाचा नोंदलेला सर्वात जुना नमुना ऑक्टोबर २०२० चा. आणि सिक्वेन्सिंगसाठी दहा प्रयोगशाळांचं 'इन्साकॉग' जाळं उभं राहिलं डिसेंबरमध्ये. बहुतेकांचे स्वॅब सिक्वेन्सिंगला गेलेच नाहीत. त्यामुळे नकाशावरचा ठिपका म्हणजे विषाणूचं जन्मगाव नव्हे. जिथे शोधलं, तिथे सापडला, इतकंच.

माझ्या मामाचा स्वॅबही गेला नाही. साक्षगंधानंतर आठवड्याभरात त्याला ताप आला, मार्चमध्ये तो गेला. रिपोर्टवर एकच शब्द, पॉझिटिव्ह. आईने त्याला आग्रहाने बोलावलं होतं. ती अजून विचारते, ''माझ्याच घरून लागलं का गं त्याले?''

सिक्वेन्सिंग झालं असतं, तरी याचं उत्तर बहुधा मिळालं नसतं. आठवड्याभरात चौघांना लागण झाली, तर चौघांचा विषाणू हुबेहूब सारखा असू शकतो. नवी चूकच नाही, तर कोणी कोणाचं छापलं हे सर तरी कसे ओळखणार? जिल्ह्याजिल्ह्यातली साखळी दिसते, एका हॉलमधल्या दोन खुर्च्यांमधली नाही.

परवा आईला हे सगळं जर्नलवरूनच समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, ''अन् तू कोणाचं छापायची?''