गाडी की मुदतठेव?

जुनी जग्वार ई-टाइप घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : कमी चाललेली बघा आणि घेतल्यावर फार चालवू नका, भाव पडतो. मंडळी, या सल्ल्यावर माझा सपशेल आक्षेप आहे. हा सल्ला गाडीबद्दलचा नाहीच, मुदतठेवीबद्दलचा आहे.

ग्रँड टूरर म्हणतात त्या गाड्यांचा जन्मच लांब पल्ल्यासाठी झाला. दोन माणसं, थोडं सामान आणि रात्रीपर्यंत दुसरा देश! ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. फेरी मारायला इतकी झुंबड उडाली की आणखी एक गाडी मागवावी लागली. कंपनीचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी ती कोव्हेंट्रीहून रातोरात चालवत आणली. आज तिच्याच बहिणी एका प्रदर्शनातून दुसऱ्या प्रदर्शनात बंद ट्रेलरमधून जातात.

बरं, ती काही राजेरजवाड्यांसाठीच नव्हती. सुरुवातीची किंमत २,१०० पौंडांच्या आसपास. त्या वेळची ॲस्टन मार्टिन डीबी ४ जवळजवळ दुप्पट महाग होती. १९७४ पर्यंत ७२,००० हून अधिक ई-टाइप बनल्या. जगात एकुलती एक असल्यासारखं तिला सोवळ्यात ठेवण्याचं कारण काय?

कारण पैसा. ब्रिटनमध्ये खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी मोटार ही झिजत जाणारी वस्तू. गंमत बघा, झिजणार म्हणून सवलत आणि सवलत आहे म्हणून झिजू द्यायची नाही! या वेडाचं टोक पाहायचं असेल तर २०२० मध्ये ॲस्टन मार्टिनने पुन्हा बनवायला घेतलेल्या 'गोल्डफिंगर' डीबी ५ पाहा. फक्त २५ गाड्या, प्रत्येकी साडेसत्तावीस लाख पौंड, वर कर. आणि सार्वजनिक रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. लांबच्या प्रवासाची गाडी, जिला रस्ताच वर्ज्य!

यावर कुणी म्हणेल, अहो, पैसेवाल्यांमुळेच तर या गाड्या टिकल्या. यात तथ्य आहे. भाव वाढले म्हणून भंगारातल्या गाड्या दुरुस्त करणं परवडू लागलं, सुटे भाग पुन्हा बनू लागले. पण गाडी टिकवणं आणि कोंडून ठेवणं यात फरक आहे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनेही ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली आहे, पण संग्रहालय ती लोकांना दाखवण्यासाठी घेतं. खासगी गोदामातली गाडी कोण बघणार?

शिवाय उभी राहून गाडी वाचते हा भ्रम आहे. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि आतून गंज धरतो. रबरी सील सुकतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. चालणाऱ्या गाडीत हे दोष लवकर कळतात. उभ्या गाडीत ते निवांत वाढत राहतात.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. चमकणारा रंग पाहून भुलू नका. दाराखालचा पत्रा आणि तळ गंजलाय का ते बघा. ई-टाइपचा सगळा जोर त्यावरच आहे. दुरुस्तीच्या बिलांची फाईल मागा. जाड फाईल आणि बऱ्यापैकी किलोमीटर असलेली गाडी खुशाल घ्या. रोजच्या वापराला १९६४ नंतरची ४.२ लिटरची बरी. आधीच्या ३.८ मध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता आणि सीटबद्दलही तक्रारी होत्या. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून आत डिफरन्शियलला लागून आहेत, तिथे काम करायचं म्हणजे मेकॅनिकची कसरत. तेव्हा सगळे पैसे खरेदीत घालू नका, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

आणि एवढं सगळं करून चालवणार नसाल, तर कृपा करून घेऊच नका. सोनं घ्या, शेअर घ्या. सोन्याला कुठे जायचं नसतं. ई-टाइपला जायचं असतं. जिला तिच्यात बसून खरंच कुठेतरी जायचंय अशी कुणी व्यक्ती तुमच्यामागे रांगेत उभी आहे. तुमच्या 'गुंतवणुकी'पायी तिला ती परवडेनाशी झाली आहे, एवढं लक्षात ठेवा.