विश्लेषण : विमान कोसळल्यावर आधी नोंदवह्या का ताब्यात घेतात?

२८ जून २०१८. दुपारी एकच्या सुमारास मुंबईत घाटकोपर पश्चिमेला सर्वोदय नगरमध्ये, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या जागेवर एक छोटं विमान कोसळलं. दोन वैमानिक, दोन देखभाल अभियंते आणि जमिनीवरचा एक जण, अशा पाच जणांचा मृत्यू झाला. बांधकामावरचे बरेच मजूर तेव्हा जेवणाच्या सुट्टीवर होते, नाहीतर हा आकडा कितीतरी मोठा असता.

विमानात एकही प्रवासी नव्हता, पण अभियंते होते. कारण हे चाचणी उड्डाण होतं. दुरुस्तीनंतर जुहूहून उडालेलं हे विमान जुहूलाच परतत होतं.

विमानाचा इतिहास काय?

‘किंग एअर सी-९०’ जातीचं, ‘व्हीटी-यूपीझेड’ नोंदणीचं हे विमान आधी उत्तर प्रदेश सरकारचं होतं. अलाहाबादला त्याला अपघात झाला आणि २०१४ मध्ये ते यूवाय एव्हिएशन या कंपनीला विकलं गेलं, असं त्या सरकारने दुर्घटनेनंतर सांगितलं. म्हणजे अपघातग्रस्त, हात बदललेलं आणि पुन्हा उडण्याजोगं करायला घेतलेलं विमान. अशा वेळी कागद सर्वाधिक बोलतात.

कागदात काय शोधतात?

विमान, इंजिन आणि पंखा यांच्या नोंदवह्या स्वतंत्र असतात. कोणता भाग कधी बदलला, त्याचं आयुष्य किती तास उरलं, उत्पादकाने आणि डीजीसीएने सक्तीच्या केलेल्या दुरुस्त्या झाल्या का, हे सगळं त्यात असायला हवं. काम झाल्यावर परवानाधारक अभियंता सही करतो आणि त्यानंतरच विमान उडू शकतं. मात्र सही म्हणजे काम झाल्याचा दावा, पुरावा नव्हे. म्हणून तपास अधिकारी अवशेषांतल्या भागाचा अनुक्रमांक वहीतल्या क्रमांकाशी जुळवतात, सुटे भाग आणि इंधनाच्या पावत्या पाहतात. दुरुस्ती अपुरी की नोंद अपुरी, हे तिथे उघड होऊ शकतं. उलटही घडतं : वह्या चोख निघतात आणि तपास कॉकपिटकडे वळतो.

जबाबदार कोण, हे कळतं का?

इथेच लोकांची निराशा होते. विमान अपघात तपास विभागाचं, म्हणजे एएआयबीचं, काम कारण शोधून पुढचा अपघात टाळणं हे आहे. दोष ठरवणं त्यात येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात अपेक्षित असतो. गुन्हेगारी जबाबदारीचा प्रश्न पोलीस आणि न्यायालयाकडे जातो.

घाटकोपरच्या बाबतीत तर मृत वैमानिकाच्या कुटुंबीयांनी वेगळाच मुद्दा मांडला होता. पावसाळी हवेमुळे त्या दिवशी उड्डाण होणार नाही, असं घरी बोलणं झालं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग ते झालं कोणाच्या आग्रहाने? दुरुस्तीच्या वहीत त्यासाठी रकाना नसतो.