आधी माइक, मग बास

"मामा, आता तरी बड्स घ्या. वायरवाले कोण वापरतंय?" भाच्यानं हे कासारवाडी स्टेशनच्या फलाटावर सुनावलं, तेव्हा माझ्या हँड्सफ्रीचा डावा कान मेलेला होता. पिनेजवळ वायर अंगठ्यानं दाबून धरली की आवाज यायचा, सोडली की जायचा. तेवढ्यात लोणावळ्याची लोकल आली आणि आमचं बोलणं तिथंच राहिलं. त्याला द्यायचं उत्तर इथं सविस्तर देतो, कारण हा सल्ला त्याच्या एकट्याचा नाही. मोबाइलच्या दुकानात, कंपनीच्या बसमध्ये, घरात, सगळीकडे हेच ऐकू येतं: तार गुंतते, तार तुटते, आणि 2016 साली आयफोन 7 मधून गोल पिनेचं होल गेलं तेव्हाच तिचा निकाल लागला.

गुंतते आणि तुटते, हे मान्य. निकाल लागला, हे मान्य नाही.

सल्ला देणारा एक प्रश्न कधी विचारत नाही: तुम्हाला ही वस्तू लागते कशाला? मी दिवसातून गाणी ऐकतो वीस मिनिटं. बोलतो मात्र तासभर. पाळी सुटली की सुपरवायझर, मग माल पोचवणारे, मग गावी आई. आमच्या पट्ट्यात भोसरीपासून चाकणपर्यंत बसनं जाणाऱ्या हजारो माणसांचं असंच आहे. घरच्यांशी निवांत बोलायला त्यांना प्रवासाचाच वेळ मिळतो. अशा माणसाला इअरफोन सुचवताना बासची गोष्ट करणं म्हणजे त्याची गरजच न ऐकणं.

बडचा माइक कानापाशी असतो, म्हणजे तोंडापासून जवळजवळ वीतभर लांब. तो हलवता येत नाही. वायरवरचा माइक हनुवटीखाली लोंबतो आणि गोंगाट वाढला की चिमटीत धरून ओठांजवळ नेता येतो. अंतर निम्मं झालं की तुमचा आवाज माइकपाशी सुमारे सहा डेसिबलनं चढतो, ट्रकचा मात्र होता तेवढाच राहतो. महागड्या बड्समध्ये दोन-तीन माइक आणि गोंगाट कापणारं सॉफ्टवेअर असतं. पंख्याच्या किंवा एसीच्या एकसुरी घरघरीत ते छान चालतं, हेही मी अनुभवलंय. पण वारा सुटला, हॉर्न वाजला की ते गोंगाटाबरोबर शब्दही कापतं. आई "काय? काय म्हणालास?" करत राहते.

शिवाय ब्लूटूथची एक जुनी गोची आहे. गाणं एका वाटेनं येतं आणि बोलणं दुसऱ्या. माइक उघडला की बहुतेक बड्स गाण्याची वाट सोडून बोलण्याच्या वाटेवर येतात आणि ती अरुंद आहे. गाण्याला सेकंदाला 44,100 नमुने मिळतात, इथं 16,000, जुन्या जोडणीत तर 8,000च. म्हणून दुकानात गाणं ऐकून पसंत केलेला बड फोन आला की पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. नव्या एलई ऑडिओनं हे सुधारतं, पण तो फोनमध्येही हवा आणि बडमध्येही.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. "लोकलमध्ये शंभराला मिळतो तो घे, तुटला की टाक." मी असे चार टाकले. चौथ्यानंतर हिशोब केला, तेव्हा एका बऱ्या इअरफोनचे पैसे कधीच गेले होते, आणि चारांपैकी एकाचाही माइक धड नव्हता. टाकलेले गेले कुठं? कोपऱ्यातल्या केरात. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, पण तुटलेला इअरफोन ई-कचरा म्हणून वेगळा काढलेला मी एकाही घरात पाहिलेला नाही.

तुटणं म्हणजे तरी काय? बहुतेक वेळा कानातला स्पीकर शाबूत असतो. पिनेच्या मानेशी रोज वाकून वाकून आतली तार तुटलेली असते. माझा मेलेला कान मी नाशिक फाट्याजवळच्या एका टपरीवर नेला. कारागिरानं पिनेपासून बोटभर वायर कापून टाकली, साल सोलली. आत केसासारख्या तारा, लाल, हिरव्या, तांब्याच्या रंगाच्या. या तारांवर लाखेसारखा लेप असतो, तो असेपर्यंत सोल्डर धरतच नाही. त्यानं लायटरची ज्योत टोकांवरून नुसती फिरवली, लेप जाळला, मग एकेक तार नव्या पिनेला जोडली. दहा मिनिटांत दोन्ही कान बोलू लागले. ही सोय बिनतारी बडमध्ये नाही. त्याची इवलीशी बॅटरी काही वर्षांत थकते, आणि बहुतेक बड चिकटवून बंद केलेले असल्यामुळे वस्तूच बाद होते.

तरी मी एक नवा इअरफोन घेतलाच, कारण एकावर भागत नाही. तो घेताना काय पाहिलं ते सांगतो. पिनेवर काळी वळी मोजली. दोन वळी म्हणजे नुसता ऐकण्याचा, तीन वळी म्हणजे माइकचा. फोनला गोल होल नसेल तर सी टाइप पिनेचा वायरवाला मिळतो, पण त्यात दोन जाती आहेत: काहींच्या पिनेत आवाज तयार करणारी चिप असते, काहींच्यात नसते, आणि बिनचिपेचा प्रत्येक फोनवर चालत नाही. म्हणून स्वतःचा फोन दुकानात न्यायचा आणि त्यातच लावून पाहायचा. पाकिटावरचं "20 ते 20,000 हर्ट्झ" वाचून भाळायचं नाही. ती माणसाच्या कानाची ठोकळमानानं धरलेली मर्यादा आहे, जवळजवळ प्रत्येक पाकिटावर छापलेली असते. वायर कानापाशी सुटी होणारी असेल तर शे-दोनशे जास्त द्यावेत, कारण मग वायर तुटली तर फक्त वायर बदलायची.

आणि रबर. सोबत तीन मापांची रबरं येतात, ती बहुतेक लोक पाकिटातच ठेवतात. हे मला खरोखर खटकतं. रबर सैल असलं की बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि माणूस आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानं 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास. प्रेस शॉपमध्ये आठ तास काढून आलेल्या कानाला वरून हा भार कशाला? गोंगाटामुळं येणारं बहिरेपण कायद्यानंच कळवण्याजोग्या आजारांत धरलेलं आहे.

"मशिनवर वायर अडकते, तिथं बड्सच बरे," असं भाचा म्हणाला. वायर अडकते हे अगदी खरं. फिरत्या लेथपाशी लोंबती वायर जीव घेऊ शकते. पण तिथं बडही नको. तिथं कानात इअरप्लग हवेत आणि लक्ष मशिनवर. पळताना, घरात काम करताना बड जरूर घालावा. माझं भांडण त्या वस्तूशी नाही. बोलण्यासाठी घेणाऱ्याच्या गळ्यात ती मारण्याशी आहे.

शेवटी मी भाच्याला घेऊन नाशिक फाट्यावर गेलो. वर दुमजली उड्डाणपूल, खाली जुना मुंबई-पुणे रस्ता, संध्याकाळची वेळ. आधी त्याच्या बडवर, मग माझ्या नव्या वायरवर, तेच एक वाक्य फोनमध्ये रेकॉर्ड केलं: "आई, रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय." घरी येऊन दोन्ही ऐकली. बडवर "रविवारी" पूर्ण गिळलं गेलं होतं. भाच्यानं ते तीनदा लावून ऐकलं, मग माझ्या इअरफोनची रबरं काढून स्वतःच्या कानाला लावून पाहू लागला. उजव्याला मधलं बसलं, डाव्याला लहान.