आधी निदान, मग सामान

मंडळी, आज जरा भांडणाचाच विषय घेते.

जुनी गाडी सकाळी सुरू होत नाही. मालक मेकॅनिकला बोलावतो. तो येतो, बॉनेट उघडतो, एकदा किल्ली फिरवून बघतो आणि म्हणतो, "बॅटरी गेली." बॅटरी बदलली जाते. आठ दिवसांनी पुन्हा तेच. "मग स्टार्टर असणार." स्टार्टरही बदलला जातो. तरीही गाडी रुसलेलीच, तर शेवटचा सल्ला ठरलेला असतो: "साहेब, जुनी झाली आता, काढून टाका." आपल्याकडे याला दुरुस्ती म्हणतात. मी याला चिठ्ठ्या टाकणं म्हणते, आणि प्रत्येक चिठ्ठीचे पैसे मालकाच्या खिशातून जातात!

आता कोणी म्हणेल, आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या बाईला मोटारीतलं काय कळतं? मोटारीतलं थोडंच कळतं. पण पुरावा म्हणजे काय, ते चांगलं कळतं. पुरावा न बघता निष्कर्ष ठोकून देणाऱ्या मुलाला मी कधी मार्क दिले नाहीत. मेकॅनिकला का द्यावेत?

"सुरू होत नाही" ही तक्रार झाली, आजाराचं नाव नव्हे. पहिला प्रश्न असा हवा की किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं? इंजिन नेहमीसारखं फिरतं पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि स्टार्टर आपलं काम करताहेत. दोष पेट्रोलच्या किंवा ठिणगीच्या बाजूला शोधायचा. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली 'ऑन'ला नेली की मागच्या बाजूने दोनेक सेकंद पंपाची बारीक गुणगुण ऐकू येते. ती आलीच नाही, तर पंप, त्याचा फ्यूज आणि रिले आधी बघायचे. उलट इंजिन फिरतच नाही, नुसतं टक् किंवा टकटकटक होतं, तर विजेची वाट तपासायची. एवढे प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. कान लागतात.

आणि लागतो एक मल्टिमीटर. चांगली भरलेली बॅटरी गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवताना आकडा उतरतो, पण साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झालं की १४ च्या आसपास दिसायला हवा. तो दिसत नसेल तर अल्टरनेटर बॅटरी भरतच नाही, आणि मग नवीन बॅटरी आणली तरी तीही काही दिवसांत मान टाकणार. हे तीन आकडे घ्यायला पाच मिनिटं पुरतात. ते न घेता बॅटरी विकायची, ही माझ्या मते फसवणूकच आहे, मग ती आळसातून होवो की लबाडीतून.

उदाहरण हवं? आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ २००८ सालची मारुती ८०० वापरतात, सेकंडहँड घेतलेली. त्याच गाडीतून ते बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतात. म्हणजे गाडी सुरू होणं ही त्यांच्या घरात चैनीची बाब नाही. महिन्याभरात बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदलून झाले, तरी चार दिवसांआड नुसतं टक्. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या धातूला, आणि किल्ली फिरवायला सांगितली. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, दिसले जवळजवळ तीन! अर्थिंगच्या वायरचं पलीकडचं टोक बोल्टखाली गंजलं होतं. पाना, पॉलिश पेपर, वर थोडं व्हॅसलीन. गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

"पण दिवे तर लागत होते," असं आधीचा मेकॅनिक म्हणाला होता म्हणे. लागणारच! ओहमचा नियम शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो. हेडलाइटना दहाएक अँपिअर पुरतात, स्टार्टर शंभराच्या वर ओढतो. गंजलेल्या सांध्यात नुसता ०.०३ ओहम रोध धरा. दहा अँपिअरला तिथे ०.३ व्होल्ट जातात, दिव्यांना पत्ताही लागत नाही. शंभर अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट जातात आणि स्टार्टर उपाशी राहतो.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण माझं भांडण एकट्या मेकॅनिकशी नाही. त्या इलेक्ट्रिशियनने तीनशे रुपये मागितले, तर आमच्या गृहस्थांच्या कपाळाला आठ्या! "नुसता पॉलिश पेपर तर घासला!" बॅटरी आणि स्टार्टरचे हजारो रुपये मुकाट्याने दिले होते, कारण हातात खोकं आलं होतं. डोकं वापरलं त्याची पावती फाडायला मात्र आपण तयार नसतो. मग मेकॅनिकने डोकं कशाला वापरावं? सामान बदललं की त्याचं पोट भरतं, विचार केला की घासाघीस वाट्याला येते. ही सवय त्याला आपणच लावली.

आणि ते "काढून टाका"? कायद्याने खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे तपासणीत उतरली तर पाच-पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. दिल्लीसारख्या ठिकाणचे निर्बंध वेगळे, पण आपल्याकडे वय झालं म्हणून गाडी आपोआप भंगार होत नाही. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी जरूर मोडीत काढा. पण गंजलेल्या एका बोल्टसाठी चालती गाडी मोडीत काढायला सांगणं म्हणजे स्वतःचं अज्ञान गाडीच्या वयाच्या माथी मारणं. जुन्या गाड्या कोण वापरतं? ज्यांना नवीन परवडत नाही ते. ह्या चिठ्ठ्यांचा खर्च त्यांनाच सर्वांत जड जातो.

तेव्हा मंडळी, मीटरचा आकडा दाखवल्याशिवाय एकही भाग बदलू देऊ नका. बदललाच तर जुना भाग परत मागून घ्या. आणि ज्याने नेमका दोष शोधला, त्याला शोधण्याची मजुरी कुरकुर न करता द्या, दुरुस्ती पॉलिश पेपरने झाली असली तरी. ही तिसरी गोष्ट आपण करत नाही, तोवर पहिल्या दोन मागायचा आपल्याला फारसा अधिकार नाही.