पापलेटचा उपास

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, मासे मात्र चालतात. त्यामुळे वसईतल्या आमच्यासारख्या कॅथलिक घरांत त्या दिवशी तव्यावर पापलेट चुरचुरतं आणि नियम कुठेही मोडलेला नसतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे काही फक्त शेजाऱ्यांनाच लागू नाही!

तसे चर्चचे नियम सौम्यच. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं. वर दोनदा थोडंसं खाल्लं तरी चालतं. एवढ्याने कुणी वाळत नाही.

खरी गोम राखेच्या बुधवारी आहे. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळी लागते, आणि त्याच मिस्सेत मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं शुभवर्तमान वाचलं जातं: उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. ते ऐकून आम्ही राखेसकट लोकल पकडतो. ही विसंगती मला आवडते. दोनच दिवसांनी, शुक्रवारच्या वाचनात, यशया संदेष्टा आणखी खडसावतो. त्याच्या लेखी भुकेल्याला आपल्यातली भाकरी देणं, बेघराला घरात घेणं हाच उपास. म्हणजे पापलेटऐवजी बांगडा आणावा आणि उरलेले पैसे गुपचूप गरजूच्या हाती द्यावेत. दिल्याचं घरातही सांगू नये. हे मासे सोडण्याहून अवघड.

पण नुसतं सोडून भागत नाही. टीव्ही सोडला की त्या जागी मोबाइल येऊन बसतो. मन भरायला काहीतरी हवं, आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात ते चारशे वर्षांपासून आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाने ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते रायतूर इथे रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! दुसऱ्या भागात ख्रिस्ताचं चरित्र आहे; उपवासकाळात तोच घ्यावा. रोज पाच-दहा ओव्या, त्याही मोठ्याने, कारण रचना कानासाठीची आहे. जुन्या मराठीला जीभ अडखळते, वेग आपोआप मंदावतो, आणि एरवी घाईत उरकलेल्या प्रार्थनेला जे साधत नाही ते इथे साधतं.

अर्थ अडलाच, तर शेजारच्या माळकरी काकांना विचारावं. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला ही ओवी आपल्याआधी उमगते.