गोळी शाळेत, माय वीटभट्टीवर!

जव्हारजवळच्या शिरपामाळावर पर्यटक येतात. १६६४ च्या सुरत स्वारीवर जाताना शिवाजी महाराज येथे थांबले होते, असे सांगितले जाते. माळावरून डोंगर सुंदर दिसतात. पण दिवाळीनंतर याच डोंगरांतले जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडतात, ते कुणाला दिसत नाही. वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

नेमका याच काळात राष्ट्रीय जंतनाशक दिन येतो. २०१५ साली तो सुरू झाला. ठरलेली तारीख १० फेब्रुवारी, दुसरी फेरी ऑगस्टमध्ये. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. योजना चांगली आहे. पण धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळा सुटलेली चौदा वर्षांची पोर कोणत्या हजेरीपटावर आहे? नाव गावात, पोर भट्टीवर!

आणि तिच्या आईचे काय? अंकुशकृमी ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त शोषतो. पाळी आणि बाळंतपणे यांत बाईचे रक्त आधीच गेलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. जंतांचा प्रादुर्भाव जास्त असेल तेथे या वयाच्या स्त्रियांनाही गोळी द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली केली. आपल्याकडे जंतनाशक दिनाचे वय १९ ला संपते. पुढे तरतूद आहे ती गरोदरपणातल्या गोळीची. म्हणजे वीस वर्षांची बाई पोटुशी असेल तरच सरकारला दिसणार!

हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचारात याच्या उलट घडते. पालघर हा हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. या मोहिमेत गरोदर स्त्रीला गोळ्या देत नाहीत. ते वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. पण बाळंत झाल्यावर तिच्याकडे परत जाण्याची जबाबदारी कुणाची? मोहिमेचा आठवडा संपला की हिशेबही संपतो. गोळ्या घेऊन पाड्यापाड्यात फिरणारी आशाताईही बाईच. सरकार तिला कर्मचारी मानत नाही, मोबदल्यावर राबवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तो भार बव्हंशी सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवते. कलम १५(३) स्त्रियांसाठी खास तरतूद करण्याची मुभा देते. तेव्हा कायद्याची अडचण सांगू नका.

आमच्या मागण्या साध्या आहेत. गोळी भट्टीवर न्या. किती गोळ्या वाटल्या एवढेच सांगू नका. किती बायका आणि किती मुली सुटल्या, त्याची वेगळी यादी ग्रामसभेपुढे ठेवा. गरोदर म्हणून वगळलेल्या प्रत्येकीकडे बाळंतपणानंतर परत जा. जव्हार-मोखाड्यातील प्रौढ स्त्रियांची जंत आणि रक्तक्षय यांसाठी तपासणी करा.

१९९२ साली वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. लेकरू मेले की राज्याला जाग येते. आई रोज थोडी थोडी झिजते, त्याची बातमीही होत नाही. ती बातमी होईपर्यंत आम्ही थांबायचे काय?