मनगटावरचे माप

आमच्या पेढीवरील दिवाणजींची कन्या गेल्या वर्षापासून पोलीस भरतीची तयारी करीत आहे. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि तेथे गुणांचा हिशेब सेकंदांवर चालतो. तिची जिद्द पाहून दिवाळीला आम्ही तिला जीपीएस असलेले घड्याळ भेट दिले. महिनाभराने ती पेढीवर आली, ती उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, ‘‘काका, घड्याळाप्रमाणे मी ८०० मीटर बरोबर तीन मिनिटांत पूर्ण करते. सरांनी आखलेल्या पट्टीवर मात्र चार-पाच सेकंद जास्त लागतात. खोटे कोण, घड्याळ की मैदान?’’

व्यापाऱ्याच्या घराला हा प्रश्न अपरिचित नाही. दोन काट्यांवर दोन वजने आली, तर आपण वाद घालत बसत नाही. प्रमाणित वजन ठेवून दोन्ही काटे पडताळतो. त्याच न्यायाने रविवारी सकाळी पोलादी टेप घेऊन आम्ही मैदानावर गेलो. सरांची आखणी बिनचूक निघाली. घड्याळ ज्या ठिकाणी ८०० मीटर झाल्याचे सांगे, तेथे टेप ७८० मीटर दाखवीत होती. वीस मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण तिच्या वेगाने त्याचे साडेचार सेकंद होतात, आणि भरतीच्या यादीत तेवढ्यावर नाव राहते किंवा जाते.

यात घड्याळाची लबाडी नाही. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असते. तेथून निघालेला संकेत मनगटापर्यंत येण्यास किती वेळ लागला, यावरून अंतर काढले जाते. आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळवून आपली जागा ठरते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या या संकेताच्या मोजणीत एका सेकंदाच्या दहा लक्षांश भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटरने चुकते. वातावरणात होणारा विलंब, इमारतींवर आपटून येणारे संकेत, दाट झाडी आणि धावताना सतत हलणारा हात यांमुळे मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक उरतेच. मे २००० पर्यंत तर अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम दोष ठेवला होता आणि तेव्हा ही चूक १०० मीटरपर्यंत जात असे. त्या मानाने आजचे घड्याळ फारच प्रामाणिक म्हटले पाहिजे.

मग ते अंतर वाढवून का सांगते? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका वाघाच्या प्रवासात सापडते.

टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या ‘टी१सी१’ या वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये वनविभाग आणि भारतीय वन्यजीव संस्थेने जीपीएस पट्टा बांधला. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो टिपेश्वर सोडून निघाला. शेते, ओढे, महामार्ग ओलांडीत, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन परत फिरत, डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या प्रवासाची बेरीज सुमारे ३,००० किलोमीटर भरली आणि ‘वॉकर’ हे नाव त्याला चिकटले. ही बेरीज तासातासाने घेतलेल्या ५,००० हून अधिक नोंदींवरून झाली. म्हणजे दोन नोंदींमध्ये सरासरी ६०० मीटरचे अंतर. नोंदीची जागा पाच-दहा मीटरने चुकली, तरी ६०० मीटरपुढे ती चूक नगण्य. मात्र त्या तासाभरात वाघ नाल्याला वळसा घालून गेला की पाण्यावर जाऊन परतला, हे पट्ट्याला कळत नाही. तो दोन ठिपके सरळ रेषेने जोडतो. तेव्हा वाघ प्रत्यक्षात ३,००० किलोमीटरहून अधिकच चालला असणार.

धावणाऱ्या मुलीची गोष्ट याच्या उलट आहे. घड्याळ बहुधा दर सेकंदाला नोंद घेते. एका सेकंदात ती साडेचार मीटर जाते आणि नोंदीतील चूकही तितकीच असू शकते. कधी ठिपका उजवीकडे पडतो, कधी डावीकडे. सरळ धावलेली वाट नागमोडी होते, आणि नागमोडी वाट सरळ वाटेहून लांबच भरणार. लागोपाठच्या चुका बहुधा एकाच दिशेच्या असतात आणि घड्याळातील गणित त्या बरेच सावरून घेते, म्हणूनच ही वाढ मर्यादेत राहते. कधी हेच गणित वळणे कापून अंतर कमीही दाखवते. उपग्रह तेच, पण वाघाचे अंतर घटते आणि आपल्या मुलीचे वाढते, कारण चूक किती आहे यापेक्षा ती कशाच्या तुलनेत आहे हे महत्त्वाचे. कापसाच्या गाडीसाठी धर्मकाटा खरा; पण त्यावर कोणी सोन्याची अंगठी तोलत नाही.

अचूक मोजणीसाठी पूर्वी काय मोल पडे, याची खूणही जवळच आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ करणारे विल्यम लँबटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले. मद्रासजवळ १८०२ मध्ये त्यांनी मोजलेल्या पहिल्या, साडेसात मैलांच्या पायारेषेला ५७ दिवस लागले होते. शंभर फुटी पोलादी साखळी पुनःपुन्हा मांडून, तापमानाने तिची लांबी किती बदलते याचाही हिशेब ठेवून ती रेषा घेतली गेली. भूमीवर घेतलेल्या मापाला आजही तोच मान आहे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर उपग्रहावरून ठरत नाही. पडताळलेल्या सायकलच्या चाकाने सर्वांत जवळच्या वाटेवरून ते मोजतात आणि ते कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. धावपटूंच्या घड्याळात अंतिम रेषेपूर्वीच ४२ किलोमीटर उलटतात, ते यामुळेही.

आपल्या घरांतही आता अशी घड्याळे आली आहेत. ती जरूर वापरावीत. उघड्या आकाशाखाली संकेत नीट पकडला गेल्याची खूण दिसल्यावरच निघावे. सकाळच्या लांब फेरीसाठी, महिन्याच्या एकूण हिशेबासाठी आणि कालच्याशी आजची तुलना करण्यासाठी घड्याळ पुरेसे आहे. मात्र जेथे सेकंदावर निकाल आहे, तेथे अंतर आखलेल्या पट्टीचे घ्यावे आणि घड्याळाकडून केवळ वेळ घ्यावी. वेळ ते उत्तम सांगते.

दिवाणजींच्या कन्येला हे पटले. पण ती क्षणभर गप्प झाली. महिनाभर जी प्रगती आपली मानली, त्यातील साडेचार सेकंद परत करावयाचे होते. मी म्हणालो, ‘‘बाळ, रोजमेळातली चूक वर्षअखेरीस सापडण्यापेक्षा आज सापडलेली बरी. चाचणीला अजून अवकाश आहे.’’ दुसऱ्या दिवशी तिने वहीतील जुने आकडे खोडले आणि नव्या पानावर पट्टीवरची वेळ लिहिली, तीन मिनिटे पाच सेकंद. गेल्या आठवड्यात ती तीन मिनिटे एक सेकंदावर आली आहे. हा आकडा लहान असला, तरी पूर्णपणे तिच्या पायांचा आहे.